हरल्यावर शिकणारे झाड

दिवाळीच्या सुट्टीत माहेरी गेले असता आमच्या पेढीवर एक विलक्षण दृश्य पाहावयास मिळाले. पन्नास वर्षे आमची कीर्द-खतावणी सांभाळणारे दिवाणजी चष्मा कपाळावर सारून संगणकासमोर बसले होते. शेजारच्या स्टुलावर माझी भाची, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, गालावर हात टेकून पडद्याकडे पाहत होती. संगणक एकेक प्रश्न विचारी आणि दिवाणजी केवळ 'हो' किंवा 'नाही' म्हणत.

'पोत्यात येते का?' हो. 'भिजवल्यावर मोड येतो का?' हो. 'दाणा हिरवा असतो का?' नाही.

क्षणभराने पडद्यावर अक्षरे उमटली : 'तुम्ही मटकी मनात धरली आहे.'

"चवळी!" दिवाणजी असे काही ओरडले की, दारातल्या हमालाने आत डोकावून पाहिले. संगणकाने पराभव निमूटपणे मान्य केला आणि विचारले, 'मटकी आणि चवळी यांत फरक करणारा एक प्रश्न सांगा.' दिवाणजींनी सांगितले, "दाण्यावर काळा डोळा असतो का?" भाचीने तो टंकला. पुढच्या डावात चवळी मनात धरली, तेव्हा संगणकाने ती अचूक ओळखली.

आमचे धाकटे बंधू मात्र या कौतुकात सामील नव्हते. "आक्का, पोरीचा अभ्यास आणि दिवाणजींचा वेळ, दोन्ही एकदम बुडतंय," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. त्यांच्या बोलण्यामागे आणखीही एक गोष्ट होती. हिशेबाचे नवे सॉफ्टवेअर पेढीवर आले होते, दिवाणजींचे गुडघे थकले होते, आणि पाडव्यापासून त्यांना सन्मानाने निवृत्त करावे असे घरात ठरून गेले होते. दिवाणजींना ते ठाऊक होते. खेळ खेळण्याचे वय नसलेला हा गृहस्थ दुपारची झोप सोडून संगणकापुढे का बसत असेल, याचा विचार मात्र कोणी केला नव्हता.

वाचकहो, तीस वर्षे मी कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन शिकविले. संगणक हा माझा विषय नव्हे. परंतु त्या चार दिवसांत भाचीशेजारी बसून जे समजले, ते व्यापारी घरातील वाचकांना इतरांपेक्षा लवकर उमजेल असे वाटल्यावरून या वेळचे पान त्यासाठी वापरीत आहे.

प्रथम हा अभ्यास काय आहे ते सांगते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला डेटा स्ट्रक्चर, म्हणजे माहिती साठविण्याच्या मांडणीचे प्रकार, शिकावे लागतात. नावे परकी असली तरी वस्तू आपल्या परिचयाच्या आहेत. गोदामातील पोत्यांची थप्पी हा एक प्रकार; शेवटी ठेवलेले पोते प्रथम निघते. काट्यापुढील गाड्यांची रांग हा दुसरा. आधी आलेली गाडी आधी सुटते. तिसरा प्रकार झाडाचा. एका खोडातून दोन फांद्या, प्रत्येक फांदीतून आणखी दोन, असे ते वाढत जाते. संगणकवाल्यांचे झाड उलटे असते, मूळ वर आणि पाने खाली. पाठ्यपुस्तकात हे झाड दहा, वीस, तीस असे आकडे भरून शिकवितात. 'आकडे भरा, आकडे छापा' यात कोणत्याही तरुण जिवाला गोडी वाटणे कठीण. म्हणून त्याच झाडाचा खेळ करण्याचा अभ्यास विद्यार्थ्यांना देतात. तो जुना आहे आणि गमतीचा आहे.

या खेळाचे मूळ नाव 'ॲनिमल'. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात १९६४ साली बेसिक ही सोपी संगणकभाषा जन्मली, आणि तेथील मंडळींनीच हा खेळ प्रथम रचला. डेव्हिड आल यांनी संपादित केलेल्या १९७८ च्या 'बेसिक कॉम्प्युटर गेम्स' या पुस्तकात तो छापलेला आहे. प्रारंभी संगणकाला दोनच प्राणी ठाऊक असत, मासा आणि पक्षी. आणि प्रश्न एकच, तो पोहतो का? बाकीचे सर्व ज्ञान त्याला हरत हरत मिळवावे लागे. तुम्ही हत्ती मनात धरला की तो हरे, तुमच्याकडून एक प्रश्न शिकून घेई, आणि पुढल्या खेपेस हत्ती ओळखी. भाचीने प्राण्यांच्या जागी आमच्या दुकानातील माल घातला, आणि बेसिकऐवजी सी ही भाषा वापरली.

ही सी भाषा डेनिस रिची यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७२ च्या सुमारास घडविली. कडक स्वभावाच्या मालकासारखी ती आहे. ती नोकराला काहीही करू देते, परंतु चुकीची झळ त्यालाच सोसावी लागते. नंतरच्या अनेक भाषा जागेचा हिशेब स्वतः ठेवतात. सी ठेवीत नाही. 'मला इतके बाइट जागा द्या' अशी मागणी मॅलॉक या नावाने करावयाची. जागा मिळाली तर तिचा पत्ता हाती येतो, न मिळाली तर शून्य पत्ता, ज्याला नल म्हणतात. काम झाले की फ्री म्हणून ती जागा परत करावयाची. या पत्त्यालाच पॉइंटर म्हणतात, आणि विद्यार्थ्यांची जी काही रडारड असते ती येथेच.

आपल्याला मात्र पॉइंटर नवीन नाही. रोजकीर्दीत रकमेच्या अलीकडे 'खाते पान' असा एक अरुंद रकाना असतो. त्यात रक्कम नसते, मालाचे नाव नसते. केवळ खतावणीच्या ज्या पानावर ही नोंद गेली त्या पानाचा क्रमांक असतो. तो आकडा म्हणजे पॉइंटर. भाचीच्या झाडातील प्रत्येक गाठीला असे तीन रकाने होते. पहिल्यात मजकुराचा पत्ता, दुसऱ्यात 'हो' म्हटल्यास पुढे कोठे जावयाचे तो पत्ता, तिसऱ्यात 'नाही' म्हटल्यास कोठे जावयाचे तो. आजच्या बहुतेक संगणकांवर एकेक पत्ता आठ बाइटांचा, म्हणजे संपूर्ण गाठ चोवीस बाइटांची. पुढचे दोन्ही रकाने नल असतील तर ती गाठ म्हणजे पान. तेथे प्रश्न नसून मालाचे नाव आहे. एवढीच काय ती रचना.

हे कळल्यावर माझा उत्साह वाढला, आणि नेमक्या त्याच वेळी खेळ बिघडला.

झाले असे की, पहिल्या दिवशी वीस-पंचवीस वस्तू शिकवून झाल्यावर संगणकाला जिकडेतिकडे वेलदोडाच दिसू लागला. कोणत्याही फांदीने जा, शेवटी 'तुम्ही वेलदोडा मनात धरला आहे'. प्रश्नांच्या जागीसुद्धा वेलदोडा! सारी पेढी एका रात्रीत वेलदोड्याची झाली म्हणून दिवाणजी पोट धरून हसले. कारण शोधण्यास भाचीला सायंकाळ लागली. टंकलेला शब्द संगणक प्रथम एका ठरावीक जागी घेतो. ती जणू दारात टांगलेली पाटी. तिने प्रत्येक गाठीत मजकूर उतरवून घेण्याऐवजी 'पाटी पाहा' एवढेच लिहिले होते. पाटी एकच, आणि तिच्यावर शेवटी लिहिलेला शब्द वेलदोडा. उपाय असा की, शब्दाची लांबी मोजून तेवढी नवी जागा मागावयाची आणि शब्द तेथे उतरवावयाचा. शिवाय शब्द संपल्याची खूण म्हणून एक बाइट अधिक. येथेही एक मौज आहे. आपण 'मूग' दोन अक्षरी समजतो. संगणक त्यात म, ऊकार आणि ग अशी तीन चिन्हे पाहतो, आणि प्रचलित पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. म्हणजे मूग नऊ बाइटांचा, खुणेसह दहांचा. देवनागरीत लिहिणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. इंग्रजी पुस्तकातील मापे येथे तोकडी पडतात.

दुसरी चूक अधिक खोल होती. प्रोग्राम नवा प्रश्न विचारून घेई, आभार मानी, आणि पुढच्या डावात पुन्हा तीच चूक करी. शिकविलेले क्षणात विसरे. भाचीने कागदावर झाड काढून पाहिले, प्रत्येक गाठीला क्रमांक दिले, ओळन् ओळ तपासली. दोन दिवस ती नीट जेवलीही नाही. मलाही काही सुचेना. तिसऱ्या दिवशी दिवाणजी तिच्या कागदावर वाकले. त्यांना सीचे ओ की ठो कळत नाही. त्यांनी क्रमांक पाहिले आणि विचारले, "बाळ, हे पान बारा म्हणजे मटकी. हे पान तीस नवीन काढलंस, डोळ्याचा प्रश्न. तिसावरनं बारावर जाता येतं, एकतीसवर चवळीलाही जाता येतं. पण तिसावर यायचं कुठनं?"

"वरच्या प्रश्नावरून, काका. सातवरून."

"मग सातावर अजून बाराच लिहिलंय की. खात्याचं पान भरल्यावर आपण नवं पान काढतो, तेव्हा जुन्या जागी 'पुढे पान तीस' असं लिहितो का नाही? ते लिहायचं राहिलंय."

भाचीने कपाळावर हात मारला. चूक तंतोतंत तीच होती. नवी गाठ तयार झाली होती, तिचे रकाने बिनचूक होते. परंतु तिच्याकडे येणारी वाट कोणीच बदलली नव्हती. संगणकाच्या स्मृतीत ती पडून होती, पण तिचा पत्ता कोणाजवळही नव्हता, आणि पत्ता नसलेली जागा प्रोग्राम संपेपर्यंत परतही करता येत नाही. अशा जागा साचत गेल्या तर मोठे प्रोग्राम गुदमरतात. यावर सीमध्ये एक सुबक तोड आहे. झाडातून खाली उतरताना केवळ गाठीचा पत्ता हाती धरावयाचा नाही. तो पत्ता ज्या रकान्यात लिहिला आहे, त्या रकान्याचाच पत्ता धरावयाचा. मग नवी गाठ आली की त्या रकान्यातील आकडा तिथल्या तिथे बदलता येतो. 'पॉइंटरचा पॉइंटर' या नावाने मुलांना घाबरविणारी वस्तू ती हीच. दिवाणजींना मी हे सांगितले तेव्हा त्यांना त्यात विशेष काही वाटले नाही. "खाडाखोड करायची तर रकाना कुठला ते माहीत नको का?" एवढेच म्हणाले.

येथून पुढे दिवाणजी खेळाडू राहिले नाहीत, गुरू झाले. आणि प्रश्न कसा असावा याविषयी त्यांनी जे सांगितले ते मला सर्वांत मोलाचे वाटते.

भाचीने आरंभी 'मूग आहे का?', 'उडीद आहे का?' असेच प्रश्न घातले होते. दिवाणजी म्हणाले, "इतकं विचारायचं तर गिऱ्हाइकाच्या हातात यादीच दे की." त्यांचे म्हणणे गणिताने खरे आहे. असे एकेका मालाचे प्रश्न घातले तर झाड न होता नुसती काठी होते. हजार वस्तू असतील तर नऊशे नव्व्याण्णव प्रश्नांपर्यंत पाळी येऊ शकते. उलट प्रत्येक प्रश्न मालाचे निम्मे-निम्मे भाग पाडील असा असेल, तर हजार वस्तूंना दहा प्रश्न पुरतात. वीस प्रश्नांत १०,४८,५७६ वस्तू वेगळ्या करता येतात. 'भिजवल्यावर मोड येतो का?' हा प्रश्न असा आहे. अख्खे कडधान्य एका बाजूस, भरडलेली डाळ दुसऱ्या बाजूस, एका फटक्यात.

पण निम्मे पाडणे एवढेच पुरेसे नाही. 'महाग आहे का?' असा प्रश्न भाचीने घातला, तेव्हा दिवाणजींनी उत्तरच दिले नाही. "आजच्या भावानं का मागल्या महिन्याच्या?" त्यांनी विचारले. 'जमिनीत होते का?' या प्रश्नावर तर घरात मोठा वाद झाला. शेंगदाणा मनात धरून वहिनी 'नाही' म्हणाल्या, कारण तो आपल्या घरी वर्ज्य नाही. दिवाणजी 'हो' म्हणाले, कारण शेंग मातीतूनच उपटतात. परिणामी एकच शेंगदाणा झाडाच्या दोन फांद्यांवर लागला. प्रश्न बदलून 'कंद किंवा मूळ आहे का?' असा केला, तेव्हा तंटा मिटला. ज्याचे उत्तर उत्तर देणाऱ्यागणिक किंवा दिवसागणिक बदलते, तो प्रश्न झाडात घालू नये. प्रोग्रामला ही चूक कधीच कळत नाही. तो चालतो, आभार मानतो, आणि चुकीच्या फांदीवर पाने वाढवीत राहतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत असे की, रक्कम एकाऐवजी दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या खाती पडली तरी तेरीज जुळते; जुळलेल्या तेरजेवर विसंबून राहू नये. ते वाक्य मला त्या दुपारी पुन्हा आठवले.

उरला प्रश्न जपून ठेवण्याचा. प्रोग्राम बंद केला की स्मृतीतील झाड नाहीसे होते, म्हणून ते फाइलमध्ये लिहावे लागते. आणि पत्ते फाइलमध्ये लिहून उपयोग नाही, कारण पुढच्या वेळी जागा निराळ्या मिळतील. येथे झाडाचा एक सुंदर गुण उपयोगी पडतो. आधी गाठीचा स्वतःचा मजकूर लिहावा, मग तिची सगळी 'हो' बाजू, मग सगळी 'नाही' बाजू. आणि प्रत्येक बाजूला हाच नियम पुन्हा लावावा. प्रश्न कोणता आणि माल कोणता याची खूण ओळीच्या आरंभी असली की त्याच क्रमाने वाचताना संपूर्ण झाड जसेच्या तसे उभे राहते. लिहिणारे कार्य दहा-बारा ओळींचे. ते स्वतःलाच हाक मारीत खाली उतरते. जागा परत करताना मात्र क्रम उलटा ठेवावयाचा, आधी दोन्ही बाजू मोकळ्या करावयाच्या, मग स्वतः. मालकाने आधी निघून जाऊन चालत नाही, कारण पोटातल्या खात्यांचे पत्ते त्याच्याचजवळ असतात.

भाचीला आता हा खेळ मैत्रिणींना द्यावयाचा होता. यावरून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जॉन वॉकर नावाच्या एका अमेरिकी गृहस्थांनी १९७४ मध्ये युनिव्हॅक कंपनीच्या मोठ्या संगणकासाठी हाच 'ॲनिमल' लिहिला. तो इतका आवडला की ठिकठिकाणांहून प्रती मागणारे येऊ लागले, आणि त्या काळी प्रत द्यावयाची म्हणजे चुंबकीय फीत टपालाने पाठवावी लागे. या कटकटीला कंटाळून त्यांनी १९७५ च्या जानेवारीत खेळाला एक जोड दिली, नाव 'पर्व्हेड'. तुम्ही प्राणी ओळखण्यात रमलेले असताना हा जोडभाग तुम्हाला मुभा असलेल्या सर्व कप्प्यांत खेळाची प्रत गुपचूप ठेवून देई. दुसऱ्याच्या फाइलींना धक्का लागणार नाही याची त्यांनी पुरेपूर काळजी घेतली होती, तरीही खेळ भलभलत्या संगणकांवर जाऊन पोहोचला. न सांगता घरात शिरणाऱ्या अशा प्रोग्रामांना ट्रोजन म्हणतात, आणि त्यांच्या आद्य उदाहरणांत या निरागस खेळाची गणना होते. तेव्हा मोबाइलवर कोणी फुकटचा खेळ पाठविला तर तो उघडण्यापूर्वी, पाठविणारा कितीही सज्जन असला तरी, थोडे थांबावे. भाचीने प्रती पेन ड्राइव्हवर घालून स्वतःच्या हातांनी दिल्या.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पेढीवर शेवटचा डाव झाला. बंधू हिशेब मिटवून आमच्या पाठीमागे येऊन उभे राहिले होते. दिवाणजींनी माल मनात धरला. संगणकाने 'पोत्यात येते का', 'मोड येतो का', 'कंद किंवा मूळ आहे का' असे विचारीत 'हळद' म्हणून सांगितले. दिवाणजी म्हणाले, "चूक. मी ओल लागलेली हळद धरली होती."

"काका, ही लबाडी झाली," भाची म्हणाली. "दोन्ही हळदच."

"भावात केवढा फरक पडतो, ते बाबांना विचार."

'हळद आणि ओल लागलेली हळद यांत फरक करणारा एक प्रश्न सांगा,' पडद्यावर अक्षरे उमटली. दिवाणजी बराच वेळ गप्प होते. हातात घेतल्याशिवाय कसे सांगू, असे पुटपुटत ते उठले, नमुन्याच्या परातीतून एक हळकुंड घेतले आणि कानाजवळ नेऊन मोडले. मग म्हणाले, "लिही. मोडताना खणकन आवाज येतो का?"

भाचीने लिहिले. "सुक्या मालासाठी उत्तर हो का नाही?" प्रोग्रामचा पुढला प्रश्न तिने वाचून दाखविला.

"हो. ओल असली की बद्द वाजतं, नाहीतर नुसतं वाकतं."

बंधू पुढे आले. "दिवाणजी, वीस वर्षं मी या गादीवर बसतोय. हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, शेठ."

बंधूंनी परातीतून एक हळकुंड उचलले, कानाजवळ नेले आणि मोडले. "हा?" त्यांनी विचारले. दिवाणजींनी मान हलविली आणि आणखी एक हळकुंड त्यांच्या पुढे धरले. भाचीने पडद्यावर 'हो' टंकले आणि झाड फाइलमध्ये जपून ठेवले.